तीन गैरहजेऱ्या आणि दुसरा नंबर

आमच्याकडे येणारा माणूस जिना चढून वर येतो, दारात थांबतो आणि बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "मैं तो बस पूछने आया था." मराठी असला तर म्हणतो, "सहज चौकशीला आलो होतो." एवढे जिने सहज कुणी चढत नाही, पण मी तसं म्हणत नाही. फॉर्म पुढे सरकवते आणि पेन देते. पेनाचं टोपण आधीच काढून ठेवते, कारण टोपण काढण्याएवढा वेळ मिळाला तरी लोकांचा विचार बदलतो.

मी भोपाळच्या अरेरा कॉलोनीतल्या एका हॉबी सेंटरमध्ये काम करते. मोठ्या माणसांसाठी वर्ग आहेत: हार्मोनियम, चित्रकला, शिवण, आणि हॉलच्या टोकाला एक टेबल टेनिसचं टेबल. मला कोऑर्डिनेटर म्हणतात. म्हणजे फॉर्म भरून घ्यायचे, कोण कुठल्या बॅचमध्ये बसेल ते ठरवायचं, हजेरी घ्यायची, पंखे बंद करायचे, आणि जे यायचे थांबतात त्यांना फोन करायचे. खरं काम हे शेवटचंच. बाकीचं कुणीही करेल.

बँकेच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत म्हणून मी ही नोकरी धरली होती. निकाल लागला. पुढच्या परीक्षेचाही लागला. मी अजून इथेच आहे, आणि तीन वर्षं झाली तरी त्या खुर्चीत टोकावरच बसते. मॅडम, म्हणजे आमच्या मालकीणबाई, कधीकधी म्हणतात, "सायली, मागे टेकून बस गं, गाडी चुकणार आहे का तुझी?"

या अंकासाठी कामाबद्दल लिहा, असं इथल्या मराठी मंडळातून सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, मराठी फक्त घरातली. पण एक गोष्ट आहे जी मला कुठेतरी नीट मांडून ठेवायची आहे. तिच्यातली नावं मी बदलली आहेत. ज्यांच्याबद्दल आहे त्या दोघांना वेगवेगळं विचारलं. दोघांनीही हो म्हटलं, आणि दोघंही म्हणाले, "वाचून दुसऱ्याला कळेल ना! कळू दे."

आधी धंद्याचं थोडं सांगते.

आमच्याकडे येणाऱ्यांत दोन जाती असतात, नवे आणि परत येणारे. नव्यांची काळजी नसते. त्यांना काहीच येत नसतं आणि ते त्यांना माहीत असतं. दुबेजींचं उदाहरण घ्या. मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले. हार्मोनियमच्या पहिल्या दिवशी फाइल घेऊन आले आणि म्हणाले, "तीन महीने में कम से कम एक भजन. आप लिखकर दीजिए." लिहून कोण देणार? तीन महिन्यांनी त्यांनी मला अर्ज दिला. वर विषय घातला होता, 'रियाज़ में प्रगति न होने के संबंध में'. मी त्यावर पोच दिली, तारीख घातली, शिक्का मारला. ते खूश होऊन पुन्हा सा रे ग म वाजवायला बसले. अजून येतात. भजन अजून बसलेलं नाही.

परत येणाऱ्यांचं वेगळं. त्यांना कधीतरी येत होतं. हाताला जे जमत नाही ते कानाला आठवत असतं, आणि तो कान त्यांना स्वस्थ बसू देत नाही. आमच्या फॉर्मवर एक प्रश्न आहे, 'याआधी शिकला आहात का?' तिथे 'हो' आलं की वरच्या बॅचमध्ये टाकायचं असा नियम होता. पहिल्या वर्षी मी तो डोळे मिटून पाळला. एक शिक्षिका आल्या होत्या, लग्नाआधी गाण्याच्या परीक्षा दिलेल्या. वरच्या बॅचमध्ये बसवलं. दोन दिवस आल्या. तिसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत येऊन परत गेल्या. मी खिडकीतून त्यांची छत्री पाहिली. तेव्हापासून फॉर्मवर काहीही असो, मी आधी विचारते, "मग थांबलं कधी?" उत्तर देताना माणूस कुठे बघतो यावरून मी बॅच ठरवते.

मुजुमदार काकूंना मी हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी थेट माझ्याकडे पाहिलं.

"लग्न झालं तेव्हा. अजून कधी थांबणार?"

काकू मूळच्या उज्जैनच्या, वय एकसष्ट. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांना चित्रकलेच्या खुर्चीकडे न्यावं म्हणून मी उठलेही होते. त्यांनी पिशवीतून बूट काढले, पांढरे, कॅनव्हासचे, आणि पायरीवर बसून घालायला लागल्या. बुटांखालून बॅट निघाली, रबर वाळून कडक झालेली.

"युनिव्हर्सिटी खेळलेली आहे मी," त्या नाड्या बांधत म्हणाल्या. "पण कोणाला सांगू नको."

टेबल टेनिसची मोठ्यांची बॅच आठवड्यातून दोनदा, दुपारी चार वाजता. बिट्टन मार्केटला भाजीबाजार भरतो तेच दिवस. काकूंनी ते बघूनच नाव घातलं होतं. घरून भाजीला म्हणून निघायचं, तासभर खेळायचं, जाताना खरंच भाजी घ्यायची. परतीच्या वाटेवर पिशवीत खाली बूट, वर मेथी.

त्यांचा पहिला महिना बघवत नव्हता. त्या खेळायच्या तो खेळच आता राहिलेला नाही, हे त्यांना टेबलापाशी आल्यावर कळलं. तेव्हा चेंडू लहान आणि वेगवान होता, आता मोठा आणि प्लॅस्टिकचा. तेव्हा एकवीसचा गेम, पाच-पाच सर्व्हिस. आता अकराचा, दोन-दोन. "हात गरम व्हायच्या आत संपून जातं हे," त्या म्हणायच्या. सगळ्यांत वाईट म्हणजे सर्व्हिस. काकूंची सर्व्हिस ही त्यांची शान होती. दुसरा हात आडवा धरून चेंडू असा झाकायच्या की समोरच्याला फिरकी कुठल्या बाजूची ते दिसतच नसे. आता नियमाने चेंडू सतत समोरच्याला दिसायला हवा.

आमचे कोच नदीम सर प्रेमाने सांगायचे, "आंटी, फाउल है ये."

"तुम पैदा नहीं हुए थे तब ये फाउल नहीं था," काकू म्हणायच्या, आणि पुन्हा तशीच करायच्या.

तरी त्या येत राहिल्या. चार महिने, एकही दिवस न चुकवता. दुसऱ्या महिन्यात बॅकहँड परत आला. तिसऱ्या महिन्यात एका तरुण इंजिनिअरला त्यांनी हरवलं. तो आठशे रुपयांचे मनगटपट्टे घालून यायचा. नंतर आलाच नाही. मी टेबलाकडे पाठ करून बसायचे, तरी आवाजावरून मला कळायचं काकूंचा फटका कुठला. टक आणि टक यांत फरक असतो.

मग एका आठवड्यात त्या आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यातल्या पहिल्या दिवशीही नाहीत. तीन गैरहजेऱ्या.

आमचा नियम असा: तीन गैरहजेऱ्या झाल्या की फोन. पहिला नंबर लागला नाही तर फॉर्मवरचा दुसरा नंबर लावायचा. तो अडीअडचणीसाठी असतो. मॅडम म्हणतात, या दुसऱ्या नंबरवरच आपलं सेंटर चालतं. घरचे ओशाळतात आणि माणसाला परत पाठवतात.

मला फोनवर बोलता येत नाही. म्हणजे येतं, पण समोरचा मध्येच काही बोलला की माझे शब्द निघून जातात. म्हणून मी बोलायचं सगळं वहीत लिहून ठेवते. आधी इंग्रजीत सुचतं, मग त्याचं हिंदी किंवा मराठी करते, आणि फोन लागला की वाचून दाखवते. वाचताना थांबत नाही. थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही अशी भीती असते.

काकूंचा फोन बंद होता. मी दुसरा नंबर लावला.

"हॅलो?" पुरुषाचा आवाज.

"नमस्कार, मी हॉबी सेंटरमधून बोलते आहे. आपल्या मुजुमदार मॅडम टेबल टेनिसच्या बॅचला गेले तीन वर्ग..."

"टेबल टेनिस? चुकीचा नंबर लागला तुमचा."

तिथे थांबायला हवं होतं. माझ्या वहीत अजून चार ओळी उरल्या होत्या. मी वाचत गेले. "...आलेल्या नाहीत. चार महिने त्यांची हजेरी पूर्ण होती. नियमित सरावाने त्यांची प्रगती फार चांगली आहे. त्यांनी वर्ग सोडू नयेत अशी आमची इच्छा आहे. धन्यवाद."

मग ते हळूच म्हणाले, "चार महिने?"

फोन ठेवल्यावर मी हजेरीपत्रक उघडलं आणि मिटलं, परत उघडलं. मग उठून हॉलमध्ये फेऱ्या मारायला लागले. शिवणवाल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. काकूंनी मला काहीच बजावलं नव्हतं असं नाही. पहिल्याच दिवशी, नाड्या बांधताना, सांगितलं होतं.

दोन दिवसांनी काका स्वतः आले. उंच, इस्त्रीचा शर्ट, कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. पुण्याकडून बदली होऊन आलेले. बोलणं आमच्या भोपाळी मराठीपेक्षा फार स्वच्छ.

"त्या टेबलावर खेळते का ती?"

"हो."

ते टेबलाभोवती एक फेरी मारून आले. वाकून जाळी बघितली. "डावीकडून नेट ढिलं आहे. पाव इंच तरी."

"सांगते सरांना."

"त्या आठवड्यात तिला ताप होता, म्हणून आली नाही," ते खुर्चीत बसत म्हणाले. "पण आता बरी आहे, तरी येत नाही म्हणते. मी रागावलो नाही हं. उलट मी सगळ्यांना सांगितलं. फॅमिली ग्रुपवर टाकलं. मुलाने पुण्याहून नवी बॅट मागवून दिली. सून म्हणाली, व्हिडिओ पाठवा. मी म्हटलं, मी रोज सोडायला येतो. तर म्हणते, मला आता खेळायचंच नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझं काय चुकलं, सांगता का?"

मला माहीत होतं, आणि सांगता आलं नाही. वहीत लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "पाणी देऊ का?"

त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. आई म्हणाली, "अगं, एका काकूंनी क्लास सोडला, त्यात एवढं काय? रोजच सोडतात ना लोक?" रोज सोडतात हे खरं. पण त्या छत्रीवाल्या शिक्षिकेनंतर कुणी माझ्यामुळे सोडला नव्हता. आणि मला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते तेच मी त्यांचं केलं होतं: कुणाला न दाखवता जपलेली गोष्ट सगळ्यांसमोर नेऊन ठेवली होती.

फोन करण्याचा प्रश्नच नव्हता. पुढच्या भाजीबाजाराच्या दिवशी मी साडेचारला मॅडमना विचारून सुटले आणि बिट्टन मार्केटला गेले. तीन चकरा झाल्या. चौथ्या चकरेत काकू दिसल्या, वांगी उलटीपालटी करत. पिशवी खांद्याला, बूट नसल्यामुळे चपटी.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून कोथिंबिरीची जुडी उचलली.

"भैया, ये लड़की कोथिंबीर लेने नहीं आई है," काकू वांग्यावरची नजर न काढता म्हणाल्या. मग मराठीत, "ठेव ती. बोल."

"काकू, सॉरी."

"कशाबद्दल?"

"फोनबद्दल. ते म्हणाले होते चुकीचा नंबर, तरी मी वाचतच गेले."

"वाचत गेली?"

मी त्यांना वहीचं सांगितलं. याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या इतक्या हसल्या की भाजीवाल्याने वांगी तोलायची थांबवली.

"अगं, हे मला म्हणाले, मुलगी अगदी ठाम होती. तुझी इज्जत वाढून गेली घरात!" मग हसू ओसरलं. "हे काही वाईट नाहीयेत गं. अडवलं नसतं त्यांनी. पण बघायला आले असते. आणि घरी आल्यावर मला समजावून सांगितलं असतं. हे रिटायर झाले तेव्हा यांची फुरसत सुरू झाली आणि माझी संपली. दिवसभर, कुठे चालली, काय करून राहिली, किती वेळ लागेल. प्रेमानेच विचारतात. पण मला एक तास असा पाहिजे होता की ज्याचं कोणी विचारणार नाही, कसं झालं म्हणून. आता तर ग्रुपवर रोज विचारतात. आजी, आज किती पॉइंट? आता ते खेळणं नाही राहिलं. तमाशा झाला."

"मग आता?"

"मग आता वांगी," काकू म्हणाल्या.

आम्ही बाजाराच्या टोकापर्यंत बरोबर चाललो. तिथे त्या थांबल्या.

"तू का सोडलंस?"

"काय?"

"नाटक नको. बॉल घरंगळत तुझ्या टेबलाखाली येतो ना, तेव्हा उचलून देताना तू तो बोटांवर फिरवून देतेस. डाव्या हाताने. चार महिने बघून राहिले मी. खेळलेली आहेस तू."

आजवर दुसऱ्यांकडे बघण्याचं काम मीच करत होते. मला कुणी बघत असेल असं वाटलं नव्हतं.

मी सांगितलं. अकरावीत आंतरशालेय स्पर्धेचा अंतिम सामना होता, सगळी शाळा बसली होती. माझी सर्व्हिस. चेंडू तळहातावर ठेवला आणि वर उडवताच येईना. हातच उठेना. पंच दोनदा म्हणाले, "प्ले." मी चेंडू टेबलावर ठेवला आणि बाहेर निघून आले. त्यानंतर बॅट हातात घेतली नाही. ही नोकरी घेतली तेव्हा सेंटरमध्ये टेबल नव्हतं. ते एका वर्षाने आलं, आणि मी खुर्ची फिरवून घेतली.

काकूंनी सहानुभूती वगैरे दाखवली नाही. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"दुपारी हॉल रिकामा असतो?"

"दीड ते साडेतीन बंद असतो. चावी माझ्याकडे असते."

"हे अडीचला झोपतात. मी येते. पण नदीमशी नाही खेळणार, तुझ्याशी. जुन्या नियमाने, एकवीसचा गेम. माझी सर्व्हिस फाउल म्हणायची नाही. आणि तुझ्या त्या रजिस्टरमध्ये माझं नाव लिहायचं नाही."

मॅडमना मी विचारलं. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुझ्या जेवणाच्या सुट्टीत तू काय करतेस ते मी कशाला विचारू?" हजेरीपत्रकात काकूंच्या नावापुढे मी 'वर्ग सोडला' असं लिहिलं आणि रेघ मारली. तीन वर्षांत ही रेघ मारताना पहिल्यांदाच वाईट वाटलं नाही.

पहिल्या दिवशी मी एकवीस-चारने हरले. सगळ्या सर्व्हिस मी चेंडू टेबलावर आपटून केल्या, लहान मुलं करतात तशा. काकूंनी त्या तशाच परतवल्या. दुसऱ्या दिवशी हरले, तिसऱ्या दिवशी हरले. रात्री अंथरुणात माझा डावा हात आपोआप वळायचा. बँकेच्या परीक्षेच्या पुस्तकातली पानं उलटत होते, लक्षात काही राहत नव्हतं. ऑफिसात खुर्ची आता पुन्हा टेबलाकडे तोंड करून ठेवली होती, आणि समोर चुकीचा फटका दिसला की उठून सांगावंसं वाटायचं. एकदा उठलेही. दुबेजी हार्मोनियमवरून म्हणाले, "बिटिया, आपकी भी प्रगति हो रही है क्या?"

दीड महिन्याने तो दिवस आला. पहिल्यांदाच मी काकूंच्या जवळपास होते. त्यांच्या हाताआडच्या सर्व्हिसची फिरकी मला खांद्यावरून ओळखू यायला लागली होती. सतरा-अठरा. त्या एका गुणाने पुढे, आणि आता माझ्या पाच सर्व्हिस. काकू पदर खोचून, वाकून उभ्या. मी चेंडू उजव्या तळहातावर ठेवला. आपटायचा नाही, असं सकाळीच ठरवलं होतं. तळहाताला घाम आला होता. तीन वेळा पुसला. चौथ्यांदा चेंडू ठेवला आणि माझ्या कामाच्या टेबलावरचा फोन वाजला.

"सोड तो," काकू म्हणाल्या.

पण वाजणारा फोन मला सोडता येत नाही. मी चेंडू त्यांच्याकडे सरकवला. काकू मागे वाट बघताना चेंडू बॅटवर खेळवत होत्या. टक, टक, टक. मी फोन उचलला. नंबर ओळखीचा होता. वही जवळ नव्हती.

"मी मुजुमदार बोलतोय," काका म्हणाले. "आज लवकर जाग आली. ही घरात नाही. भाजीला म्हणून गेली असेल, पण अजून बाजार भरायचाय. तिकडे आली आहे का?"

टक, टक, टक. बंद हॉलमध्ये तो आवाज केवढा होतो ते मला तेव्हा कळलं. फोनमधून जात असणारच.

मी म्हटलं, "नाही, काका. आज त्यांची हजेरी नाही."

त्यांचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यांना बॅटवरचा चेंडू ऐकू येत असणार. पहिल्या फोनवर मी वाचतच गेले होते. या वेळी मी थांबले.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "मग भाजीलाच गेली असेल. मी फोन केला होता हे तिला सांगू नका." थोडं थांबले. "आणि ते नेट. डावीकडचं. कुणी घट्ट केलं का?"

"केलं, काका. मी केलं."

"छान," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी टेबलापाशी परत आले. काकूंनी चेंडू माझ्याकडे सरकवला.

"कोण होतं?"

"चुकीचा नंबर."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पुन्हा वाकल्या, बॅट समोर धरली.

"सतरा-अठरा," त्या म्हणाल्या. "चल, उडव."

मी चेंडू तळहातावर ठेवला आणि उडवला.